कारवानचं नाक, पगचा श्वास

मे महिन्यातली दुपार. जामखेडच्या नगर रस्त्यावर मोबाइलच्या एका दुकानापुढे करड्या-पांढऱ्या रंगाचा हस्की फरशीला पोट चिकटवून पडलेला असतो. जीभ हातभर बाहेर. मालकाने त्याच्यापुढे टेबलफॅन लावलाय, आणि मधूनमधून एक पोरगं येऊन त्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओततं. तेवढ्यात समोरून एका मोटरसायकलच्या मागे दुडक्या चालीने कारवान जातो. पोट पाठीला लागलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, तोंड बाणासारखं लांबट. धापही नीट लागलेली नाही. लोक हस्कीसोबत सेल्फी काढतात, आणि कारवानकडे बघून विचारतात, ‘याला खायला घालत नाहीत का हो?’

दोन्ही कुत्रे जातिवंत. दोन्ही माणसाने निवडून निवडून घडवलेले. एक बर्फात घसरगाडी ओढायला, दुसरा बालाघाटच्या उघड्या माळावर ससा गाठायला. जागा बदलली की गुणाचा दोष कसा होतो, ते या रस्त्यावर फुकटात बघायला मिळतं. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. निवड कोण करतं, कशासाठी करतं आणि कोणाकोणात करतं, या तीन प्रश्नांवर कुत्र्याचं हाड, हृदय, श्वास आणि आयुष्य ठरतं.

नावं दोन, कुत्रा एक

आपल्याकडे ‘कारवान’ किंवा ‘कारवानी’ म्हणतात तो हाच कुत्रा. व्यापाऱ्यांच्या आणि भटक्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, दख्खनमध्ये आला म्हणून हे नाव पडलं. अरबस्तानचा सलुकी आणि उत्तर आफ्रिकेचा स्लुगी हे त्याचे भाऊबंद मानले जातात. अंगावर आखूड, गुळगुळीत केस असले की कारवान. कान, शेपूट आणि पायांवर रेशमी झालर असली की पश्मी. पश्म म्हणजे फारसीत लोकर. एकाच वेतात दोन्ही तऱ्हेची पिल्लं निघालेली जुन्या लोकांनी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांना काही नवल वाटत नाही.

कृष्णेपलीकडे गेलं की हाच कुत्रा ‘मुधोळ’ होतो. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास जोपासली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, तिथून हे नाव गाजलं. कर्नाटकाच्या पशुविज्ञान विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र मुधोळजवळ तिम्मापूरला आहे. 2005 मध्ये टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. 2016 मध्ये मेरठच्या लष्करी श्वान केंद्रात मुधोळची पिल्लं प्रशिक्षणाला घेतली गेली. पंतप्रधानांनी ऑगस्ट 2020 च्या ‘मन की बात’मध्ये देशी कुत्री पाळा असं सांगितलं, तेव्हाही नाव मुधोळचंच निघालं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत मात्र तो ‘कारवान हाउंड’ आहे. नावावरून दोन राज्यांत थोडी धुसफूस चालते. ती चालू द्यावी. कुत्र्याला त्याचं काही नाही.

माळाने केलेली निवड

जामखेडचा भूगोल समजून घेतला तर कारवान समजतो. पाऊस कमी, झाड कमी, नजर पोचेल तिथवर कुसळी गवत आणि मुरूम. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, माळावर लांडगा आहे, ससा होताच होता. अशा उघड्या रानात वास काढत हिंडणारा कुत्रा उपयोगाचा नाही. लांबून दिसलेलं सावज पळत जाऊन गाठणारा हवा. म्हणून लांब पाय, खोल छाती, मोठं हृदय, कमरेत आत गेलेलं पोट आणि दोन्ही बाजूंचं दिसावं असं लांबट डोकं. चांगला नर खांद्याशी 27-28 इंच भरतो आणि तरी वजनाला हलका असतो.

ही निवड कोणी वहीत लिहून केली नाही. पळायला मंद निघालेल्या कुत्र्याला कोणी मादी दिली नाही. भाकरी-ताकावर जगला नाही तो जगलाच नाही. जो उन्हात कोसळला, गोचिडांच्या तापाने गेला त्याचा, आणि जी बाळंतपणात अडली तिचा वंश तिथेच थांबला. कळपवाला, शिकारी, तांडेवाला यांची निवड कठोर होती, पण ती संपूर्ण कुत्र्याची होती. एखाद्या नाकाची किंवा शेपटीची नव्हती. शिवाय तांडे हिंडते असल्यामुळे आज जामखेडला असलेला नर सहा महिन्यांनी परांड्याकडे असायचा. रक्त आपोआप मिसळत राहायचं.

निवडीत ताकद किती असते ते सायबेरियात पाहायला मिळालं. दिमित्री बेल्यायेव या रशियन शास्त्रज्ञाने 1959 मध्ये फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. एकच निकष: माणसाला कमी घाबरणारे तेवढे पुढच्या पैदाशीला ठेवायचे. थोड्याच पिढ्यांत कोल्हे शेपूट हलवायला लागले. आणखी पुढे, कोणी मागितलं नसताना, काहींचे कान लोंबायला लागले, अंगावर पांढरे ठिपके आले. एक गुण ओढला की त्याच्या दोरीला बांधलेले आणखी चार गुण ओढले जातात. खाण तशी माती हे खरं, पण खाण खणताना कुदळ कुठे लागेल ते आधी सांगता येत नाही.

‘पेपर’ आले कुठून

‘पेपर आहेत का?’ हा आजचा पहिला प्रश्न. जुना माणूस विचारायचा, ‘कुणाची?’ म्हणजे कोणत्या कुत्रीची, कोणाच्या घरची, आणि ती किती पळायची.

पेपरचा जन्म व्हिक्टोरियन इंग्लंडमधला. आजच्या अर्थाने पहिला श्वान-मेळावा 1859 मध्ये न्यूकॅसलला भरला, आणि 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब उभा राहिला. तिथे प्रत्येक जातीचं लेखी मानक तयार झालं: कान असा, डोकं एवढं, रंग अमुकच. परीक्षक मैदानात उभा राहून कुत्र्याचं रूप बघायचा. कुत्रा पळतो का, राखण करतो का, हे बघायला त्याच्याकडे वेळही नव्हता आणि रानही नव्हतं. दुसरं, वंशनोंदीची वही बंद झाली. वहीत ज्यांची नावं आहेत त्यांचीच पोरं वहीत येणार, बाहेरचा कितीही गुणी असो, दार लागलेलं.

या दोन गोष्टींनी जातिवंत कुत्र्याचं दीडशे वर्षांत जे केलं, ते आधीच्या हजारो वर्षांत झालं नव्हतं. कागद स्वतः वाईट नाही. आईबाप कोण ते लिहून ठेवणं चांगलंच. पण कागदावरून वंश कळतो, तब्येत कळत नाही, आणि विकणारा नेमका हाच फरक झाकून ठेवतो.

नात्यातली जोडणी

एखादा नर प्रदर्शनात पहिला आला की सगळ्यांना त्याचंच पिल्लू हवं असतं. वर्षा-दोन वर्षांत त्याची शंभर पोरं होतात. पुढच्या पिढीत मादी शोधायला जावं तर तीही त्याचीच. मग मुलगी बापाला, बहीण भावाला लावली जाते. ब्रीडर याला ‘लाइन ब्रीडिंग’ म्हणतात. नाव बदललं म्हणून नातं बदलत नाही.

त्यात बिघडतं काय? प्रत्येक पिल्लाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. त्यातली एक खराब असली तरी दुसरी काम भागवते. पण आईबाप एकाच घरातले असले तर दोघांकडे तीच खराब प्रत असण्याची आणि पिल्लाला दोन्हीकडून तीच मिळण्याची शक्यता वाढते. दोन्ही प्रती सारख्याच वारशाने येण्याच्या या शक्यतेला आकडा देता येतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, त्या जोडप्याच्या मुलांमध्ये ती 6.25 टक्के धरतात. सावत्र भावंडांच्या जोडणीत 12.5. सख्ख्या बहीण-भावाच्या किंवा बाप-मुलीच्या जोडणीत 25.

2021 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 227 जातींच्या कुत्र्यांचे जनुकीय नमुने तपासले. या शक्यतेची सरासरी निघाली सुमारे 25 टक्के. म्हणजे सरासरी जातिवंत कुत्रा जणू सख्ख्या बहीण-भावाचं पोर आहे, मग कागदावर त्याचे आईबाप एकमेकांना ओळखतही नसोत. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात पगचं चित्र आणखी विदारक निघालं: दहा हजार पग, पण जनुकीय विविधता जेमतेम 50 कुत्र्यांएवढी. आपल्या जुन्या माणसांनी सोयरिकीला गोत्र टाळलं, गाव टाळलं. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हौशी माणूस ‘शुद्ध रक्त’ म्हणत नेमका उलटा चालला.

2008 मध्ये बीबीसीने यावर एक माहितीपट दाखवला आणि इंग्लंडमध्ये गदारोळ उठला. पुढच्याच वर्षी तिथल्या केनेल क्लबने आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्ख्या भावंडांच्या पिल्लांची नोंद घेणं बंद केलं. म्हणजे तोवर ती रीतसर घेतली जात होती.

नाक नावाचा कूलर

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो गार होतो तो मुख्यतः नाकाने. आत घेतलेली हवा नाकातल्या ओल्या, गुंडाळीसारख्या हाडांवरून जाते, तिथलं पाणी उडतं आणि रक्त गार होतं. उन्हाळ्यात आपण खिडकीला लावतो त्या कूलरमधल्या गवताच्या ओल्या जाळीसारखंच हे काम. कारवानचं नाक लांब, म्हणजे जाळी मोठी. चार किलोमीटर पळून आला तरी सावलीत थोडा वेळ उभा राहिला की त्याचा श्वास जागेवर येतो.

पगच्या डोक्याचं हाड पिढ्यानपिढ्या आखूड करत आणलं, कारण चपटं तोंड लहान मुलासारखं दिसतं आणि माणसाला ते गोड वाटतं. हाड आखूड झालं, आतलं मांस मात्र तेवढंच राहिलं. टाळूचा मागचा पडदा घशात लोंबतो, नाकपुड्या चिरेएवढ्या उरतात. मालक सांगतो, ‘आमचा पग झोपेत घोरतो, फार मजा येते.’ तो घोरत नाही, श्वास ओढतो. आमच्या ओळखीतल्या एका घरातला पग लग्नाच्या वऱ्हाडात गाडीतून नेला, वाटेत जेवणासाठी अर्धा तास गाडी उन्हात उभी राहिली. काचा थोड्या उघड्या होत्या. तो परतला नाही. त्या गाडीत दुसरा कुत्रा असता तर कदाचित जगला असता, पगकडे ती मोकळीकच नव्हती.

बुलडॉगचं डोकं मोठं, मादीची कंबर अरुंद. ब्रिटनमधल्या पाहणीत त्यांची 80 टक्क्यांहून अधिक बाळंतपणं सिझेरियनने झालेली आढळली. माणसाच्या हाताशिवाय पुढची पिढी जन्मालाच येणार नाही, अशी ही जात आपण केली. डॅशहंडचे आखूड पाय जनुकातल्या एका बदलामुळे आहेत, आणि तसाच दुसरा बदल त्याच्या मणक्यातल्या चकत्या लवकर कडक करतो. म्हणून मध्यमवयात काहींचे मागचे पाय जातात. जर्मन शेफर्डच्या खुब्याचा सांधा अनेकदा सैल राहतो. 2016 मध्ये कळलं की दर चार लॅब्रॅडॉरमागे जवळपास एकात असा बदल आहे की त्याला भूक जास्त लागते. ‘लॅब फार खादाड’ अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, त्या बिचाऱ्याला कदाचित खरंच भूक लागलेली असते.

डाल्मेशियनची उपकथा

ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण हिच्यात रोग आणि उपाय दोन्ही दिसतात, आणि माणसाचा हट्टही.

डाल्मेशियनच्या लघवीत युरिक अॅसिड फार असतं, त्याचे खडे होतात, नरांची लघवी तुंबते. कारण एक जनुक. जातीतल्या एकूण एक कुत्र्यात त्याच्या दोन्ही प्रती खराब होत्या. ठळक, स्वच्छ ठिपके निवडता निवडता हा दोष चिकटून आला असावा असं मानतात. आता जातीच्या आतच जोडण्या करत राहिलं तर चांगली प्रत येणार कुठून? घरात मीठच नसेल तर डबे उलथून काय उपयोग, शेजारीच जावं लागतं.

1973 मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने शेजारी जायचं ठरवलं. एका डाल्मेशियनला त्याने पॉइंटर जातीचा कुत्रा लावला, फक्त एकदा. त्या पिल्लांतली चांगली प्रत असलेली निवडून परत डाल्मेशियनला लावली. पाचेक पिढ्यांत कुत्रे दिसायला पूर्ण डाल्मेशियन, लघवी मात्र साध्या कुत्र्यासारखी. काम झालं. पण वहीवाल्यांनी दार उघडं ठेवलं नाही. ‘रक्त अशुद्ध’ म्हणून वाद पेटला. अमेरिकन केनेल क्लबने या वंशाची नोंद पुन्हा घ्यायला सुरुवात केली ती 2011 मध्ये. एका जोडणीने सुटलेल्या प्रश्नाला कागदावर सुटायला जवळपास 40 वर्षं लागली.

आता काम उरलं नाही, मग निवड कशावर?

कारवानची आजची अडचण इथे आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती बंदच असायला हवी; माळावर उरलेत ते ससे, काळविटं आणि लांडगे हिशेबात मोजण्याएवढेच. पण ज्या कामाने हा कुत्रा घडला ते काम गेलं. आता निवड दोन गोष्टींवर होऊ लागली आहे: रूप आणि शर्यत.

रूपाचा मोह सोपा असतो. आणखी उंच, आणखी लांब तोंड, आणखी पातळ कंबर, एकच रंग. मोबाइलवर फोटोला लाइक मिळाले की त्या नराला मागणी. म्हणजे इंग्लंडमध्ये 1873 नंतर जे झालं तेच, फक्त परीक्षकाच्या जागी फोन.

शर्यतीचा मोह अवघड, कारण त्यात गुण दिसतो. गावोगावच्या यात्रांत कुत्री पळवली जातात, आणि वेगासाठी विलायती ग्रेहाउंडचं रक्त मिसळलं जातं. ग्रेहाउंड छोट्या अंतरात वीज आहे. पण भाकरीवर राहणं, खरबरीत मुरमावर पाय टिकवणं आणि गोचिडाच्या तापातून उठणं हे त्याच्या शर्यतीच्या मैदानावर कोणी तपासलेलं नाही. इंग्लंडच्या व्हिपेट या छोट्या शर्यती कुत्र्यात तर असा प्रकार घडला की निवडीचं सगळं गणितच त्यात दिसतं. स्नायूंची वाढ रोखणारं एक जनुक असतं. त्याची एक प्रत बिघडलेली असली तर व्हिपेट दणकट आणि इतरांपेक्षा वेगवान. म्हणून तेच विजेते, तेच पैदाशीला. मग असे दोन विजेते एकमेकांना लावले की वेतातली काही पिल्लं दोन्ही बिघडलेल्या प्रती घेऊन येतात, आणि ती निघतात पहिलवानासारखी फुगलेली, शर्यतीच्या कामातून गेलेली. 2007 मध्ये संशोधकांनी हे उलगडलं. कप जिंकणाऱ्या आईबापांच्या घरी असं पिल्लू का येतं, याचा उलगडा तोवर ब्रीडरांना नव्हता.

पिल्लू घ्यायचं असेल तर

पिल्लू बघायला जाताना आई बघायला जा. आई दाखवायला टाळाटाळ झाली, ‘गावी नेलीय’ असं ऐकू आलं, तर चहा पिऊन परत या. आई चालताना मागून बघा. मागचे पाय सशासारखे जोडीने टाकत असेल तर खुब्यात गडबड आहे. धावून आल्यावर किती वेळात शांत होते ते घड्याळावर बघा. पेपर असले तर किंमत वाचण्याआधी आजोबा-पणजोबांची नावं वाचा. आईच्या आणि बापाच्या बाजूला एकच नाव दोनदा दिसलं तर ते कशासाठी, असं सरळ विचारा.

2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. 18 महिन्यांखालच्या कुत्रीला लावायचं नाही, सलग दोन माजांवर वेत घ्यायचं नाही, जन्मात पाचांहून अधिक वेतं घ्यायची नाहीत, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. आठवडे बाजारात पिशवीत घालून आणलेलं, डोळे नुकते उघडलेलं पिल्लू स्वस्त मिळतं, पण पारवो या विषाणूच्या आजाराचं सलाइन त्याच्यापेक्षा महाग पडतं.

घरी आणल्यावरच्या दोन गोष्टी औषधाच्या. धनगरवाड्यावर मेंढ्यांच्या जंतांसाठी आयव्हरमेक्टिन असतं, तेच गोचिडांवर कुत्र्याला टोचायची सवय आहे. कोली जातीत आणि काही जर्मन शेफर्डमध्ये एका जनुकाच्या बिघाडामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि मोठ्या मात्रेत जीव घेतं. तेव्हा अंदाजाने टोचू नये. दुसरी कारवानची. या कुळातल्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, आणि थायोपेंटोनसारखी भुलीची जुनी औषधं ग्रेहाउंडच्या शरीरातून फार सावकाश निघतात. टाके घालायला नेलं तर ‘डॉक्टर, हा कारवान आहे, भूल त्या हिशेबाने’ एवढं बोलायला लाजू नका.

वाचवायचा म्हणजे काय

नॉर्वेत लुंडेहुंड नावाचा एक लहानसा कुत्रा आहे, कड्यांवरच्या बिळांतून समुद्रपक्षी काढणारा, पायाला सहा बोटं असलेला. 1960 च्या दशकात डिस्टेंपरची साथ आली आणि मोजून सहा कुत्रे उरले, त्यातले पाच एकाच आईचे. लोकांनी चिकाटीने जात वाढवली, आज संख्या शेकड्यांच्या वर आहे. पण आतड्याचा एक रोग सगळ्या जातीभर पसरलेला, पिल्लं कमी होतात, आणि शेवटी त्यांना शेजारच्या दुसऱ्या जातींचं रक्त आणावंच लागलं. संख्या वाढली होती, खाण तेवढीच राहिली होती.

कारवानवर ती वेळ अजून आलेली नाही. नगर, बीड, धाराशिव, सोलापूर, लातूरच्या वाड्या-वस्त्यांवर पेपर नसलेले, कोणाच्या वहीत नसलेले, पण चांगले पळणारे आणि निरोगी नर-माद्या आहेत. वही करायचीच तर आधी त्यांना तिच्यात घ्यावं लागेल, आणि तोंडाच्या लांबीबरोबर बाळंतपण सुखरूप झालं का, कितव्या वर्षी गेला, कशाने गेला, हेही लिहावं लागेल. त्याला मोठी संस्था लागत नाही. जामखेड हे तीन जिल्ह्यांच्या तोंडावर बसलेलं गाव आहे. पाटोदा, भूम, कर्जत, कुठेही गेलं तरी मोटरसायकलवर तास-दीड तासाची वाट. कुत्री माजावर आली की गल्लीतल्या त्याच त्या नराकडे नेण्याऐवजी तेवढं पेट्रोल टाकायचं.